०.५ ची रेघ : लँकेशायरच्या गॅसविहिरीचं प्रकरण, पाटण खोऱ्यातून पाहताना

‘कोयना परिसरात २.९ रिश्टर स्केलचा सौम्य धक्का, केंद्रबिंदू हेळवाकच्या नैऋत्येस, कोठेही हानी नाही.’ कराड-पाटणकडच्या पेपरात या धाटणीची चार ओळींची बातमी अधूनमधून येते. वाचणारा ती वाचतो आणि उसाच्या दराकडे वळतो. २६ ऑगस्ट २०१९ च्या सकाळी इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशायर परगण्यात, एवढाच म्हणजे २.९ चा धक्का बसला. त्यानंतर दहा आठवड्यांच्या आत अख्ख्या इंग्लंडमध्ये फ्रॅकिंग, म्हणजे दाबाच्या पाण्याने खडक फोडून गॅस काढणं, बंद झालं.

एकाच आकड्याला दोन मुलखांत इतकी वेगळी किंमत का, या प्रश्नापायी हे प्रकरण मुळापासून वाचलं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लँकेशायरच्या लोकांनी जवळपास तीन वर्षं फाटकावर ठाण मांडलं, मार खाल्ला, तुरुंग पाहिला. तरी काम बंद पाडलं ते काम सुरू होण्याआधीच कागदावर लिहून ठेवलेल्या ०.५ या एका आकड्याने. आंदोलनाने त्या आकड्यावरून कुणाची नजर ढळू दिली नाही, हे त्याचं खरं काम. हा हिशेब आपल्याकडे क्वचितच मांडला जातो.

जागा, खडक आणि पाणी

लिटल प्लंप्टन हे ब्लॅकपूल या किनाऱ्यावरच्या शहराजवळचं लहानसं खेडं. आजूबाजूला कुरणं, दुभती गुरं, गोठे. गावाजवळून प्रेस्टन न्यू रोड नावाचा मोठा रस्ता जातो. त्या रस्त्याला लागून असलेल्या एका शेतात क्वाड्रिला या कंपनीला विहिरी पाडायच्या होत्या. या भागाखाली, दोन किलोमीटरहून जास्त खोलीवर, बोलंड शेल नावाचा गाळाचा खडक आहे. त्याच्या बारीक छिद्रांत गॅस अडकलेला आहे, पण तो आपणहून वर येत नाही. म्हणून आधी उभी विहीर खणायची, मग खडकाच्या थरात शिरल्यावर ती आडवी वळवायची आणि वाळू व थोडी रसायनं मिसळलेलं पाणी प्रचंड दाबाने आत सोडायचं. खडकाला बारीक चिरा पडतात, वाळूचे कण त्या चिरा मिटू देत नाहीत आणि गॅस वाट काढत वर येतो.

जगभरात अशा एका विहिरीला एक-दोन कोटी लिटर पाणी सहज लागतं. माण-खटावच्या माणसाला हे लगेच कळेल: दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एक कोटी लिटर म्हणजे हजार खेपा. लँकेशायरमध्ये पाऊस भरपूर, त्यामुळे पाण्याची टंचाई तिथे मुख्य मुद्दा झाली नाही. भांडण पेटलं ते हादऱ्यांवरून.

दाबाखालचं पाणी खडकातल्या जुन्या भेगेत शिरलं की भेगेच्या दोन बाजूंची एकमेकींवरची पकड ढिली होते. धान्याची भरलेली कोठी कोरड्या शहाबादी फरशीवर हलत नाही, फरशी ओली असली की सरकते, तसंच काहीसं. भेगेत आधीपासून ताण साठलेला असेल तर ती थोडी सरकते आणि वर हादरा जाणवतो. कोयनेच्या लोकांना हे नव्याने सांगायला नको. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरू लागल्यावर १९६२ पासून आपल्याकडे जमीन गुरगुरायला लागली आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ चा (जुन्या नोंदींत ६.५ चा) भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. धरणाच्या पाण्याने जागे झालेल्या भूकंपांचा जगात कुठेही अभ्यास निघाला की कोयनेचं नाव पहिल्या काहींत येतं. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांनी तर धरणातलं पाणी आठवड्याला १२ मीटरपेक्षा जास्त वेगाने चढणं आणि ५ च्या वरचे धक्के यांचा संबंध दाखवला. दोन्हीकडे मुळाशी पाणीच, पण फरक आहे. इथे तलावाचं वजन आणि हळूहळू झिरपणारं पाणी, तिथे पंपाने कोंबलेलं.

एक जुनी ठेच

२०११ साली याच कंपनीने, याच भागात, प्रीस हॉल इथे पहिल्यांदा फ्रॅकिंग केलं होतं. १ एप्रिलला २.३ चा आणि २७ मेला १.५ चा धक्का बसला. काम थांबवलं गेलं, सरकारने अभ्यास करवला आणि २०१२ च्या अखेरीस पुन्हा मुभा दिली, पण एका अटीसह. या अटीला तिकडे सिग्नलची पद्धत म्हणत. शून्यापर्यंत हिरवा, ० ते ०.५ पिवळा, म्हणजे जपून. पंपिंग चालू असताना ०.५ किंवा त्याहून मोठा हादरा नोंदला गेला की लाल: काम थांबवायचं, दाब उतरवायचा आणि किमान १८ तास पाहणी केल्याशिवाय पुढे जायचं नाही.

०.५ चा हादरा माणसाला जाणवतच नाही, तो फक्त यंत्राला कळतो. पुढे कंपनी नेमकी हीच तक्रार करत राहिली की मर्यादा फारच खाली आहे, दगडखाणीत याहून जास्त हादरे चालतात. शास्त्रज्ञांपैकी काहींनाही ०.५ फार कडक वाटत होतं. त्या तक्रारीत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्या अटीची पूर्ण कल्पना असतानाच कंपनीने या शेतात पाऊल टाकलं होतं.

दोन अर्ज, दोन निकाल

२०१४ मध्ये कंपनीने दोन जागांसाठी अर्ज केले: प्रेस्टन न्यू रोड आणि रोझेकर वुड. जून २०१५ मध्ये लँकेशायर काउंटी कौन्सिलने, आपली जिल्हा परिषद म्हणा, दोन्ही नाकारले. प्रेस्टन न्यू रोडच्या बाबतीत कौन्सिलच्याच अधिकाऱ्यांनी परवानगी द्यावी अशी शिफारस केली होती. ती बाजूला सारून निवडून आलेल्या सदस्यांनी आवाज आणि परिसराच्या देखाव्याला बाधा या कारणांवर नकार दिला. कंपनी अपिलात गेली आणि ६ ऑक्टोबर २०१६ ला केंद्रातले मंत्री साजिद जाविद यांनी कौन्सिलचा निर्णय फिरवला. ग्रामपंचायतीने नाही म्हणायचं आणि वरून मंत्रालयाचा कागद यायचा, हा अनुभव आपल्यालाही आहे.

रोझेकर वुडचं मात्र वेगळं झालं. तिथल्या लोकांचा मुख्य मुद्दा भूकंप नव्हता, प्रदूषणही नव्हतं. तिथे जाणाऱ्या वाटा अरुंद होत्या. समोरासमोर दोन अवजड गाड्या आल्या तर काय, सायकलवाल्याने आणि घोड्यावरून जाणाऱ्याने कुठे उभं राहायचं, हा प्रश्न. कंपनीने मार्ग बदलून दाखवले, पण वाहतुकीचा धोका काही मिटवता आला नाही आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती परवानगी कायमची नाकारली गेली. मला या प्रकरणातला हा सगळ्यात शिकण्यासारखा भाग वाटतो आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. डंपर वळत नाही, हे फूटपट्टीने दाखवता येतं.

फाटकाबाहेर

प्रेस्टन न्यू रोडवर जानेवारी २०१७ मध्ये काम सुरू झालं आणि फाटकासमोर रोजचा पहारा लागला. त्यात आघाडीला होत्या पिवळे अंगरखे आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या आज्या. त्यांनी २०१४ च्या ऑगस्टमध्येच त्या शेतात तंबू ठोकून पहिली चुणूक दाखवली होती. पुढे दर बुधवारी पांढरे कपडे घालून बायका फाटकापाशी जमायच्या. पोलिसांची आणि लोकांची रोजची ढकलाढकली, अटका, आणि त्याच रस्त्यावर आठवड्यातला हा एक शांत दिवस.

जुलै २०१७ मध्ये काही जण सामान घेऊन येणाऱ्या ट्रकांच्या टपावर चढले आणि उतरेचनात. त्यांच्यातल्या तिघांना सप्टेंबर २०१८ मध्ये १५-१६ महिन्यांची शिक्षा झाली. तीन आठवड्यांत वरच्या कोर्टाने ती शिक्षा उघडच अवाजवी ठरवून त्यांना सोडलं. कंपनीला मात्र त्या शिक्षेने मदत केली नाही. ‘रिकामटेकडे बाहेरचे लोक’ ही प्रतिमा पुसली गेली आणि गावच्या न बोलणाऱ्या माणसांनाही बोलावंसं वाटू लागलं.

पैशाचा भागही होता. कंपनीने विहिरीमागे १ लाख पौंड गावाला देऊ केले होते. त्याचं वाटप झालं तेव्हा एक किलोमीटरच्या आतल्या घरांना साधारण दोन हजार पौंड आणि दीड किलोमीटरपर्यंतच्यांना दीडशे पौंड आले. एकाच गल्लीत एकाला दोन हजार, दुसऱ्याला दीडशे! आपल्याकडे संपादनाच्या मोबदल्यात असा भेद पडला की भाऊबंदकी सुरू होते; तिकडेही कुरबुर झालीच.

आणि एक गोष्ट विरोधकांच्या बाजूची, जी त्यांना टोचली. एका मोठ्या पर्यावरण संघटनेच्या पत्रकात फ्रॅकिंगने कर्करोग होतो, पाणी नासतं, अशा अर्थाची विधानं होती. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार गेली आणि जानेवारी २०१७ मध्ये संघटनेला ती विधानं पुन्हा न करण्याचं कबूल करावं लागलं. २०१३ मध्ये त्याच संस्थेने कंपनीच्या पत्रकातल्या दाव्यांवरही ठपका ठेवला होता. म्हणजे फिटंफाट. पण गावकऱ्यांना फिटंफाट परवडत नाही. त्यांचा एक दावा पोकळ निघाला की बाकीचे नऊही संशयात पडतात.

यंत्र बोलू लागलं

१५ ऑक्टोबर २०१८ ला प्रत्यक्ष पंपिंग सुरू झालं. कोर्टातला शेवटचा प्रयत्न काही दिवस आधी फसला होता. दोन आठवड्यांत, २९ ऑक्टोबरला, १.१ चा हादरा. काम थांबलं. पुन्हा सुरू, पुन्हा थांबलं. ११ डिसेंबरला १.५. (तारीख आपल्या ओळखीची, पण हा निव्वळ योगायोग.) पहिल्या विहिरीत ४१ टप्प्यांत खडक फोडायचं नियोजन होतं, त्यातले ठरल्या मापाने पूर्ण झाले ते बोटांवर मोजण्याइतके. कंपनीने मर्यादा वाढवून मागितली, सरकारने ती दिली नाही.

ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण ही सरकारी संस्था हे हादरे मोजत होती आणि आकडा जवळजवळ लगेच सगळ्यांना पाहता येत होता. इथेच फाटकावरच्या माणसांचा खरा उपयोग झाला. मोबाइलवर आकडा आला की तो फलकावर चढायचा, स्थानिक पेपरात जायचा, खासदाराच्या दारात पोचायचा. ०.५ ओलांडलं की काम थांबलं की नाही, हे पाहायला माणसं तिथे उभीच होती. अट मोडून काम दामटण्याची सोय उरली नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये दुसऱ्या विहिरीवर पंपिंग सुरू झालं. २१ तारखेला १.६, २४ ला २.१ आणि सोमवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेआठला, २.९. शेवटचा धक्का पंपिंग थांबलेलं असताना बसला आणि हीच गोष्ट महत्त्वाची ठरली. लाल दिवा लावून, पंप बंद करूनही जमीन ऐकत नाही हे दिसलं. तेल आणि वायूवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने अहवाल दिला की हादरा कधी आणि केवढा येईल हे खात्रीने सांगता येत नाही. २ नोव्हेंबर २०१९ ला सरकारने इंग्लंडमध्ये फ्रॅकिंगला स्थगिती दिली. महिनाभरावर निवडणूक होती, हे विसरून चालणार नाही.

पुढचं थोडक्यात. युक्रेनच्या युद्धाने गॅस महागला. सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस यांनी बंदी उठवली. १९ ऑक्टोबरला याच विषयावरच्या मतदानात संसदेत गोंधळ माजला, दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा जाहीर केला आणि त्यांच्या जागी आलेल्या ऋषी सुनक यांनी आठवड्याभरात बंदी परत आणली.

पाटणच्या बाजूने

हे प्रकरण आमच्याकडच्या काही मंडळींपुढे मांडलं तेव्हा कोयनाकाठच्या एका नानांनी पहिल्याच फटक्यात विचारलं, ‘‘दोन पॉइंट नऊ? आरं, तेवढ्याला आमी कूस बी बदलत न्हाय. आन् त्यास्नी सरकार हाललं?’’ सगळे हसले. नानांच्या घरात भूकंपग्रस्ताचा दाखला आहे, १९६७ ची रात्र त्यांनी अंगणात काढलेली आहे, त्यांना असं विचारायचा हक्क आहे.

उत्तराचा एक भाग भूगर्भाचा. कोयनेचे धक्के बहुधा पाच-दहा किलोमीटर खोलवरून येतात, लँकेशायरचे जेमतेम दोन-अडीच किलोमीटरवरून. तेवढाच आकडा उथळ असला की वर जास्त जाणवतो. तिथली विटांची घरं हादऱ्याला सरावलेली नाहीत, माणसंही नाहीत. दुसरा भाग कायद्याचा. आपल्या २.९ पुढे कोणती रेघ ओलांडली जाते? कोणतीच नाही. त्यांच्या २.९ ने ०.५ ची रेघ ओलांडली होती आणि ऊर्जेच्या हिशेबात ढोबळ मानाने ती काही हजार पटींनी ओलांडली होती.

दुसरा प्रश्न एका तरुणाचा: आपल्याकडे फ्रॅकिंग येईल का? पाटणला तरी नाही. गॅस धरून ठेवणारा गाळाचा खडक लागतो आणि आपल्या पायाखाली काळा कातळ आहे. भूकंपाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाची इथे प्रयोगशाळा उभारली आणि २०१६-१७ मध्ये कोयनेजवळ गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं. त्यात साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट जातीचा खडक लागला. एवढं खोल खणताना गॅस काढतात की काय अशी शंका येणं साहजिक आहे, पण त्या खडकात काढण्यासारखा गॅस नाही. देशात अशा गॅसची चर्चा होते ती खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर खोऱ्यांबाबत. तमिळनाडूत नेडुवासलच्या शेतकऱ्यांनी २०१७ मध्ये हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध मोठं आंदोलन केलं आणि २०२० मध्ये त्या राज्याने कावेरीच्या मुखाकडचा प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र करण्याचा कायदा केला. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने तेल-वायूच्या शोधासाठीच्या विहिरींना जनसुनावणीतून सूट दिली. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं.

मग पाटणच्या माणसाने हे वाचून करायचं काय? आपल्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) आणि डोंगरांवर येतात ते खाणपट्टे, खडी क्रशर आणि पवनचक्क्या. वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा, आणि नंतर दुष्काळाच्या वर्षांत सांगलीकडेही, विरोधाचा गाजलेला मुद्दा कोणता होता? पाती ढग पळवतात, म्हणून पाऊस पडत नाही. त्याला शास्त्राचा आधार नव्हता. जमिनीचे व्यवहार कसे झाले, रस्त्यासाठी सडा कुठे पोखरला, झऱ्याची वाट कुठे बुजली, हे मोजता येण्यासारखे प्रश्न ढगांच्या मागे झाकले गेले. कंपन्यांना ढगांचं उत्तर देणं सोपं होतं.

क्रशरच्या बाबतीत ग्रामसभेचा ठराव बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचा असतो: ‘सुरुंगामुळे घरांना तडे जात असून बोअर आटत आहेत, सबब परवानगी देण्यात येऊ नये असे सर्वानुमते ठरले.’ सूचक, अनुमोदक, सह्या. तहसीलला गेला की फायलीत जातो, कारण त्यावर कुणी मोजून हो-नाही म्हणू शकत नाही. खरं तर आपल्याकडेही आकडा आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात सुरुंगाने जमीन किती वेगाने हलावी याची मर्यादा दिलेली आहे: राहत्या घरांसाठी कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झपेक्षा (सेकंदाला ८ कंपनांपेक्षा) कमी असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ मध्ये १०, त्यावर १५. किती गावांनी ती मोजून मागितली? पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने अटींचं पालन कसं केलं याचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो, तो सार्वजनिक कागद आहे, अर्ज केला की प्रत मिळते. तोही मागितला जात नाही.

त्याच मंडळींच्या बैठकीत ठरावाचा नवा मसुदा करून पाहिला. सुरुंगाची वेळ आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर. गावठाणाच्या हद्दीवरच्या सगळ्यात जवळच्या घरापाशी कंपनमापक. प्रत्येक सुरुंगाची नोंद त्याच दिवशी ग्रामसेवकाकडे. मर्यादा ओलांडली की कारण लेखी मिळेपर्यंत पुढचा सुरुंग नाही. डंपरच्या वाटेची रुंदी शाळेच्या वळणावर टेप लावून मोजलेली, ठरावाला जोडलेली.

‘‘यंत्र त्यांचंच असंल तर आकडा बी त्यांचाच,’’ नाना म्हणाले. बरोबर होतं. लँकेशायरमध्ये मोजणारी संस्था कंपनीची नव्हती. सरपंचताईंचा प्रश्न वेगळा होता: यंत्राचं भाडं ग्रामपंचायतीच्या कुठल्या खात्यातून घालायचं? शेवटी मसुद्यात एक ओळ आणखी गेली: मोजणी तिऱ्हाईत संस्थेकडून, खर्च खाणपट्टाधारकाचा, आणि ही अट खाणपट्ट्याच्या आदेशात नमूद होईपर्यंत ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला नाही.